ओझ्याला हात



सरांच्या स्मृतीसाठी भरणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर पाण्यावर, शेतीवर, शिक्षणावर, संतसाहित्यावर बोललं गेलं. जुनाट पाठदुखी आणि मानदुखी हा विषय मी सुचवला, तेव्हा संयोजकांपैकी एकांनी विचारलं, "ताई, हा दवाखान्यातला विषय. व्याख्यानमालेत कसा बसेल?" त्यांचं विचारणं रास्त होतं. उत्तरादाखल सरांचीच एक आठवण सांगते.

दिवाळी झाली की आपल्या पाथर्डी तालुक्यातली गावं ओस पडतात. ट्रक येतात, त्यांत भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं भरली जातात आणि गाडी ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागते. मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाचं काम सर पाहायचे. निघायच्या आदल्या दिवशी आया मुलांना सोडायला यायच्या. डोक्यावर बोचकं, त्यात पोराचं अंथरूण, दोन कपडे, बाजरीचं पीठ. सर खुर्चीतून उठायचे, फाटकापर्यंत जायचे, दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यायचे आणि मगच मुलाचं नाव विचारायचे. माझ्या आईचं बोचकंही त्यांनी असंच उतरवून घेतलं होतं.

डोईवर ओझं वाहणाऱ्या बाईच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, "जरा हात लावा गं." बाई कितीही धट्टीकट्टी असो, जड भारा एकटीला डोक्यावर चढवता येत नाही आणि नीट उतरवताही येत नाही. कुणीतरी समोरून हात लावावा लागतो. वर्षानुवर्षं न हटणारं दुखणं मला अशा भाऱ्यासारखं वाटतं. ते एकट्यानं पेलायला गेलं की माणूस आतून मोडतो. त्याला योग्य माहितीचा, घरच्यांचा आणि कामाच्या जागेचा हात लागला, तर त्याच दुखण्यासकट माणूस ताठ चालू शकतो. आज मला एवढंच सांगायचं आहे.

मी भौतिकोपचार करते, लोक फिजिओथेरपी म्हणतात ते. या कामाला २२ वर्षं झाली, आणि त्यातली १७ वर्षं माझी स्वतःची कंबर दुखते आहे. त्यामुळे मी बोलते आहे ती दोन्ही बाजूंनी.

आधी या दुखण्याचा आवाका पाहू. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसं कंबरदुखीनं त्रस्त होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माणसाला मारत नाही पण कामातून उठवतं, अशा दुखण्यांत जगभर कंबरदुखीचा पहिला क्रमांक लागतो. आता हेच आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाहा. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा हा जिल्हा, तालुके १४, आणि प्रत्येक तालुक्यात पाठ मोडण्याची तऱ्हा निराळी.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस बुडख्याशी तोडायचा म्हणजे कंबरेतून पूर्ण वाकायचं. मग पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची. मोळी ४० ते ५० किलोंची. ती चुंबळीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, तेही पुष्कळदा रात्री, कारण गाडी कधी येईल ते आपल्या हातात नसतं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं वजन उचलण्याचं गणित १९९१ मध्ये सुधारून मांडलं. वजन अंगालगत आहे, पकड चांगली आहे, कंबर वळवावी लागत नाही आणि उचलायचंही क्वचितच आहे, अशा सगळ्यांत सोयीच्या स्थितीत त्यांनी धरलेली मर्यादा आहे २३ किलो. आपली बाई त्याच्या दुप्पट वजन घेऊन हलत्या फळीवर चढते, दिवसातून कित्येक वेळा, दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. कंबर धरली म्हणून बसावं, तर खाडा पडतो, म्हणजे दंड बसतो. उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, तर आधीच घेऊन खर्च झालेली असते.

नगर शहरात आणि संगमनेरात घराघरांत विड्या वळणाऱ्या बायका आहेत. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा, कात्री. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. मान सरळ असली तर ते मणक्यांवर तोललेलं राहतं. मान खाली झुकली की तेच वजन मानेमागच्या स्नायूंना तासन् तास ओढून धरावं लागतं. दुपारनंतर मानेत गोळा येतो, मुंग्या हातापर्यंत उतरतात. कांद्याच्या वावरात खुरपणीची पात धरणाऱ्या, पुढे कांदे काढणाऱ्या, काटणाऱ्या बायका उकिडव्या बसून दिवस काढतात. दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून खड्ड्यांतून जाणारा तरुण, सोळा सोळा तास ट्रक चालवणारा ड्रायव्हर, संगणकासमोर आणि मोबाइलवर मान मोडून बसलेली आपली मुलं, ही सगळी याच रांगेत उभी आहेत.

आता माझी एक चूक सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक ऊसतोड करणारी बाई आली. मी तिला तपासलं आणि पुस्तकात शिकले होते तसं सांगितलं, "वाकू नका, वजन उचलू नका, आराम करा." तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, वाकायचं बंद केलं तर खायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिचं पोट वाकण्यावर चालतं तिला मी वाकू नको म्हणून सांगत होते, म्हणजे मी तिच्या हाती काहीच दिलं नव्हतं. पुढे लक्षात आलं की माझा सल्ला नुसता अव्यवहारी नव्हता, शास्त्राच्या दृष्टीनंही तो चुकीचा होता.

१९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरली होती. काहींना दोन दिवस अंथरुणात झोपवलं, काहींना खास व्यायाम दिले, तर काहींना सांगितलं की सोसवेल तेवढी रोजची कामं चालू ठेवा. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजची कामं चालू ठेवणारे आणि सर्वांत मागे राहिले ते झोपून राहिलेले. मला स्वतःला पहिल्यांदा उसण भरली तेव्हा एका डॉक्टरांनी तीन आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली होती. दुखण्याच्या भीतीनं तोवर कळलेलं सगळं मी विसरले आणि पडून राहिले. तीन आठवड्यांनी उठले तेव्हा दुखणं होतंच, शिवाय पायांतलं बळ गेलं होतं आणि मनात धास्ती बसली होती की हललं तर काहीतरी तुटेल. ती धास्ती जायला दुखण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

ही धास्ती वाढवणारा एक शब्द आपल्याकडे घरोघरी आहे, "मणक्यात गॅप आलाय." हा शब्द ऐकून माणसं पाच पाच वर्षं खाली वाकलेली नाहीत, नातवंडाला उचललेलं नाही. आपल्या मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ मणके असतात आणि त्यांच्यामध्ये गादीसारख्या चकत्या असतात. वयाबरोबर केस पांढरे होतात तशा या चकत्याही सुकतात, थोड्या फुगतात. २०१५ मध्ये अभ्यासकांनी ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर माणसांचे तपासणी-अहवाल एकत्र मांडले. पन्नाशीतल्या माणसांपैकी ८० टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. दुखत मात्र कुणाचंच नव्हतं. त्यामुळे फोटोत झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं धरून चालता येत नाही. कंबरदुखीच्या दहांतल्या सुमारे नऊ जणांत एका ठरावीक हाडावर किंवा नसेवर बोट ठेवता येत नाही.

मग दुखणं खोटं असतं का? अजिबात नाही. दुखणं खरं असतं, फक्त तीन महिन्यांहून जास्त टिकलं की त्याची तऱ्हा बदलते. हे आपल्या भागातल्या उदाहरणानं सांगते. संगमनेर, राहुरी, कोपरगावकडे उसात बिबट्या राहतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. वस्तीवर एकदा बिबट्या येऊन गेला की पुढे महिनोन् महिने कुत्री जराशा सळसळीला भुंकतात, माणसं बॅटऱ्या घेऊन धावतात. बिबट्या कधीच निघून गेलेला असतो, पण वस्तीची झोप उडालेली असते. आपल्या नसांचं आणि मेंदूचं तसंच होतं. मूळची लचक भरून येते, पण राखण करणारी यंत्रणा इतकी हळवी होते की साध्या वाकण्यालाही ती धोक्याची आरोळी देते. अपुरी झोप, कर्जाची चिंता, घरातला ताण यांनी ही आरोळी आणखी मोठी होते. वस्तीची भीती कशानं जाते? दार लावून आत बसल्यानं ती वाढते. रोज थोडं थोडं बाहेर पडलं, पाहिलं की काही होत नाही, म्हणजे ती ओसरते. जुन्या दुखण्याचा इलाजही याच वाटेनं जातो.

दुखण्यावरचे आपले जुने उपाय मी हसण्यावारी नेत नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, विटेचा किंवा मिठाच्या पोटलीचा शेक घ्यायचा, तेल चोळायचं. अचानक भरलेली बरीचशी उसण काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्याचं श्रेय पायाळूला मिळतं. आणि स्पर्शानं, उबेनं दुखणं खरोखर शमतं. मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये त्याची मांडणी केली की पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं आणि चोळण्या-शेकण्याच्या जाणिवेनं दुखण्याच्या निरोपाला ते थोडं लोटलं जातं. शेक जरूर घ्या. डागण्या मात्र देऊ नका आणि मानेला हिसका देऊन ती मोडून घेऊ नका.

खरी भीती वाटते ती गोळ्या-इंजेक्शनांची. बाजारच्या दिवशी दवाखान्यात जायचं, कमरेत सुई घ्यायची आणि संध्याकाळी पुन्हा कामाला लागायचं, ही सवय गावोगाव आहे. आपल्या लहानपणी मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरायचे. ते कुठे गेले? जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलं जायचं, त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. जनावरांसाठी त्या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. माणसाला ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे दिवस चालतं. विचारल्याशिवाय महिनोन् महिने घेतलं, तर आपल्याही मूत्रपिंडावर आणि जठरावर त्याचा घाव पडतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात माहिती देणं, शिस्तीचा व्यायाम, मनाला आधार देणारे उपचार यांना जागा आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून ताणणं आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं नेहमीचा उपाय म्हणून वापरू नयेत, असं त्यात सांगितलं आहे.

यात बायकांच्या एका वेगळ्या दुःखाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीची माहिती आली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. "पाठ दुखते, अंगावर जातं" म्हणून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी गमावून परत येते आणि दोन महिन्यांत पुन्हा मोळी उचलते. आयाबहिणींनो, नुसती पाठ दुखते म्हणून पिशवी काढायची नसते. कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की त्या वेळी घरचा उपाय करत बसू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली किंवा हातातली शक्ती उतरत चालली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. ताप आणि वजन घटण्याबरोबर पाठ दुखत असेल, तर मणक्याचा क्षयरोग तपासून घ्या. तो आपल्या देशात आजही आढळतो आणि औषधांनी बरा होतो. उतारवयात पडल्यावर पाठ धरली असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल तर थांबू नका. तरुण मुलाची पाठ पहाटे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडत असेल आणि हालचालीनं मोकळी होत असेल, तर तो सांध्यांचा वेगळा विकार असू शकतो. बाकी बहुतेकांसाठी वाट लांब आहे, पण ती चालता येते.

चालता येते, हे शब्दशः घ्या. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ माणसांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला सांगितलं आणि मधूनमधून त्यांच्याशी बोलून धीर दिला, त्यांचं दुखणं उलटायला साधारण २०८ दिवस लागले. इतरांचं ११२ दिवसांतच उलटलं. आषाढीला पंढरीची वाट धरणाऱ्या माणसांना चालण्याचं बळ मी वेगळं काय सांगावं? दहा मिनिटांपासून सुरुवात करा, आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. त्याच्या जोडीला तीन-चार व्यायाम पुरेत. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, रांगत्या स्थितीत पाठ मांजरासारखी वरखाली करणं, हनुवटी आत ओढून मान ताठ करणं, खांदे मागे फिरवणं. थोडं दुखलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरलं तर मात्रा बरोबर आहे.

आणि एक फार मोठी सवय मोडायला हवी. बरं वाटलं त्या दिवशी आपण राहिलेली सगळी कामं उरकतो आणि पुढचे चार दिवस पडून राहतो. दुखणं सांगेल तेव्हा थांबण्याऐवजी घड्याळाप्रमाणे थांबा. खुरपताना पात संपली की उभं राहायचं, हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे झुकायचं, मग पुढची पात. विडी वळताना सुपाखाली पाट किंवा उशी ठेवून ते वर आणायचं, पाठ भिंतीला टेकवायची, अर्ध्या तासानं उठायचं. उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं आलं आहे, ते जिथे चालतं तिथे बायकांच्या हाती द्या. घरातल्या पुरुषांनी हंड्याला आणि दळणाला हात लावला, तर माझ्या औषधाला निम्मं यश तिथेच मिळतं.

पण सगळा भार पुन्हा दुखणाऱ्या माणसावरच टाकून मला थांबायचं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं पाणलोटाचं काम केलं. त्याचा हिशेब आपण विहिरींच्या पातळीत आणि वाढलेल्या पिकांत मांडतो. माझ्यासारखीला त्यात आणखी एक हिशेब दिसतो. जिथे पाणी दारी आलं तिथे किती माना हंड्याखालून मोकळ्या झाल्या! म्हणून नळाचं काम मला आरोग्याचंच काम वाटतं. ऊसतोडीचंही तसंच. मजुरी टनावर असते, त्यामुळे मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात आणि कमाई घटते. मोळी हलकी करायची असेल तर दर तसा ठरवावा लागेल, भरणीसाठी रुंद, न हलणारी फळी द्यावी लागेल, आजारपणाच्या दिवसाचा खाडा बंद करावा लागेल. हार्वेस्टर यंत्रं आली आहेत. ती ओझं नेतात आणि त्याबरोबर रोजगारही नेतात. ओझं जावं आणि भाकरी राहावी, याचा विचार कारखाने, मुकादम, संघटना आणि ऊसतोड कामगारांसाठीचं महामंडळ यांनी एकत्र बसून करायला हवा. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा तेही अनेकांना अशक्यच वाटलं होतं.

आणि दुखण्याची माहिती गावात कशी पोचवायची, हे शिकायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना, पुष्कळदा शाळेची पायरीही न चढलेल्यांना, आरोग्यसेविका केलं. दवाखान्यातलं ज्ञान दवाखान्यातच कोंडलं तर लोक बरे होत नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली. बाळंतपण आणि बालमृत्यू यांसाठी त्या बायकांनी जे केलं, ते पाठीच्या दुखण्यासाठी का होऊ नये? प्रत्येक गावात एक आशाताई, एक शिक्षक, एक भजनी मंडळातली बाई, यांनी चार व्यायाम, धोक्याची लक्षणं आणि "हललं तर काही तुटत नाही" हे एक वाक्य शिकून घ्यावं आणि आठवड्यातून एकदा दहा जणांना देवळाच्या ओट्यावर जमवावं. ज्यांना शिकायचं आहे त्यांना शिकवायला मी यायला तयार आहे, हे मी या व्यासपीठावरून सांगते.

मला विचारलेला तो प्रश्न, "वाकायचं बंद केलं तर खायचं काय?", त्याचं उत्तर आज मी असं देते: बाई, तू वाक, तुझी पाठ त्यासाठीच घडली आहे. तिला बळ कसं द्यायचं ते मी शिकवते. तुझ्या डोक्यावर किती वजन असावं हे मात्र तू एकटीनं ठरवायचं नाही, ते आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

माझी कंबर आत्ता बोलतानाही दुखते आहे. ती रोज थोडी दुखते, आणि तिच्यासह मी रोज चालते, काम करते, झोपते. पूर्ण बरं होणं प्रत्येकाच्या वाट्याला येईल, असं मी कुणाला सांगत नाही. जगणं मोठं होत गेलं की त्यातली दुखण्याची जागा लहान होते, हे मात्र अनुभवानं सांगू शकते.

शेवटी पुन्हा त्या फाटकापाशी. सरांनी आईच्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं तेव्हा मी तिचा पदर धरून उभी होते. डोक्यावर ओझं असताना माणसाला समोरच्याच्या डोळ्यांकडे मान वर करून पाहता येत नाही. ओझं उतरलं, आईनं मान आधी एकीकडे मग दुसरीकडे वळवली, हळूच सरळ केली आणि मग सरांच्या तोंडाकडे बघून माझं नाव सांगितलं. माझं शिक्षण तिथून सुरू झालं.